जहाजाची सफर ठरवताना

‘यंदा सुट्टीत माथेरान-महाबळेश्वर नको, जहाजावरच जाऊ या,’ अशी टूम हल्ली घरोघरी निघते. मुलांनी जाहिरातीतला पोहण्याचा तलाव पाहिलेला असतो, यजमानांनी भाड्याचा आकडा. आमच्या कोपरीला खाडीचा शेजार जुनाच. एका बाजूला मीठबंदर, जवळच चेंदणी कोळीवाडा. इथल्या कोकणातल्या आजीबाई अजून भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींच्या गोष्टी सांगतात. डेकवर सतरंजी, उशाशी ट्रंक, आणि बंदराशी आलं की जीव मुठीत धरून पडावात उतरायचं! तेव्हा मिळेल त्या बोटीने गावी जायचे, एवढेच ठाऊक. आता निवड करायची असते, आणि घरचे पैसे पणाला लागलेले असतात.

पहिली चौकशी कंपनीची. मुंबईहून जहाजे येतात नि जातात. २०१८ साली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०१९ मध्ये ‘जलेश’चे ‘कर्णिका’ आले. २०२० च्या साथीत ती कंपनीच बंद झाली आणि जहाज अलंगला मोडीत निघाले. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ने १९९० साली बांधलेले ‘एम्प्रेस’ जहाज गोवा-लक्षद्वीपच्या वाटेवर आणले. नोव्हेंबर २०२३ मध्ये इटलीच्या ‘कोस्टा’चे ‘सेरेना’ येऊन हंगामी फेऱ्या करून गेले. म्हणून सहा-आठ महिने आधी सगळी रक्कम भरण्यापूर्वी विचारून घ्या: फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतील, की पुढच्या सफरीत वळते करणार? उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘होईल हो मॅडम’ याला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. जाहिरातीतले भाडे बहुधा माणशी, आणि तेही एका खोलीत दोघे धरून असते. त्यावर बंदराचे शुल्क, कर आणि दर रात्रीचे सेवाशुल्क चढते. मुख्य भोजनगृहातले जेवण-नाश्ता भाड्यात येते. पण काही खास उपाहारगृहे, थंड पेये, इंटरनेट, मसाज, किनाऱ्यावरची बस यांचे पैसे निराळे. डॉक्टर जहाजावर असतो, त्याची फीही वेगळी. तेव्हा चौघांची एकूण रक्कम कागदावर मांडा, तिला रात्रींनी भागा, आणि मगच दोन कंपन्यांची तुलना करा. स्वस्त दिसणारी सफर पुष्कळदा इथेच महाग ठरते.

तिसरी गोष्ट खोलीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बिनखिडकीची आतली खोली स्वस्त, खिडकीची त्याहून महाग, सज्जाची सर्वांत महाग. चौघांच्या खोलीत बहुधा दोन बिछाने खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे, शिडीने चढायचे. आता गंमत पाहा, ‘मला काय, कुठेही चालेल’ म्हणणारी दोन माणसे प्रत्येक घरात असतात: एक सासूबाई, दुसऱ्या आपण. सासूबाईंना शिडी चढवत नाही, म्हणजे वर कोण जाणार ते वेगळे सांगायला नको! म्हणून खोली घेताना नकाशा मागा. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी तीच घ्यावी. सज्जा नसला तरी चालेल, समुद्र डेकवरून फुकट दिसतो. लिफ्टपासूनचे अंतरही विचारा. गुडघे दुखणाऱ्याला लांब बोळ म्हणजे शिक्षाच.

हंगाम आपल्या आज्यांना पाठ होता. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू. आजही अरबी समुद्र शांत मिळतो तो दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. पहिल्या वेळी दोन-तीन रात्रींचीच सफर घ्यावी. सिंगापूरहून सुटणारी मोठी जहाजे मुलांना भुरळ घालतात, पण त्यात विमानभाडे, व्हिसा आणि प्रत्येकाचा पासपोर्ट आला.

घरचे डबे बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. शाकाहारी, जैन किंवा मधुमेहाचे जेवण हवे असेल तर पैसे भरतानाच नोंदवा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आणि सहा महिन्यांच्या गरोदर बाईला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. रोजची औषधे, आलेपाक आणि एक शाल हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा खोलीत उशिरा पोचतात.

कोपरीकरांना जायचे सोपे. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश बंद होतो, तेव्हा गर्दीच्या वेळी बॅगा घेऊन लोकल पकडण्याचा धीर करू नका. लवकर निघा.

आणि भगिनींनो, एवढा खर्च करून तिथेही मुलांच्या टॉवेलामागे आणि यजमानांच्या चष्म्यामागे धावू नका. रोज सकाळचा एक तास मुले त्यांच्याकडे सोपवायची, हे निघण्याआधीच घरात ठरवून टाका. चहा आयता मिळणार आहे. तो डेकवर बसून, गरम असतानाच प्या.