आवाज कधी येतो, ते सांगा

‘गाडी आवाज करी ऱ्हायनी, भाऊ,’ असं म्हणत गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येतं आणि मग खडखड की घुरघुर यावर बोलणं सुरू होतं. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे मला आधी हवं असतं. ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? वळताना की सरळ रस्त्यावर? सकाळी गाडी थंड असताना, की पारोळा सोडून एरंडोल येईपर्यंत तापल्यावर? आणि उभ्या गाडीत रेस दिली तर तो वाढतो का? या शेवटच्या प्रश्नानं निम्मं काम होतं. उभ्या गाडीत वाढला तर इंजिन आणि त्याचे पट्टे तपासायचे. चाकं फिरल्याशिवाय येतच नसेल तर बोनेट उघडण्यात वेळ घालवायचा नाही.

धुळे-जळगाव महामार्ग फागण्यापासून तरसोदपर्यंत चौपदरी करायला घेतला. जिथे जिथे तो गुळगुळीत झाला, तिथे लोकांना गाडीतली घूंऽघूं ऐकू यायला लागली. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती दबून जात होती. ही घूं वेगाबरोबर वाढते आणि बहुतेकांना टायरची वाटते. काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाज बदलला तर टायरच धरा. बदलला नाही, पण लांबलचक वळण घेताना कमी-जास्त झाला, तर ते व्हील बेअरिंग. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर जातं, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डावीकडचं बेअरिंग गेलेलं असतं. पुढच्या दोन-चार दिवसांत बदलून घ्या. बेअरिंग ढिलं होऊन चाक हलायला लागलं, की हबचाही खर्च वाढतो आणि जिवालाही धोका.

ब्रेकबद्दल मी सगळ्यात कडक बोलतो. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक पॅडला पोलादाची एक बारीक पट्टी असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि चीं असा आवाज येतो. तो मुद्दाम ठेवलेला इशारा आहे. रात्रभर दवात उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले एक-दोन ब्रेक खरखरतात, ते डिस्कवरच्या गंजामुळे. त्याची काळजी नको. कामं चाललेल्या रस्त्यावरून आल्यावर एकसारखं खर्रर्र सुरू झालं तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडी अडकलेली असू शकते. गाडी थोडी मागे घेतली की कधीकधी ती निघून पडते. पण चीं जाऊन ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासू लागलं, तर पॅड संपलेला आहे. अशी गाडी घेऊन कन्नडचा घाट उतरू नका. चाळीसगावपर्यंत जाऊन बघू, हा विचारही करू नका. गाडी तिथेच उभी करून मेकॅनिकला बोलवा.

इंजिनातून खोल ठकठक येऊन ऑइलचा लाल दिवा लागला, तरी हाच नियम. ऑइलचा दाब गेला की क्रँकच्या मेटलमध्ये तेलाचा थर उरत नाही. तसंच दामटलं तर इंजिन धरतं, आणि मग ऑइलच्या डब्याऐवजी अख्ख्या इंजिनाचं बिल होतं. पुढच्या गावापर्यंत हळू नेणं म्हणजे काळजी घेणं, असं लोकांना मनापासून वाटतं. त्या दिव्यापुढे हळू-जोरात असा फरक नसतो. किल्ली बंद करायची.

स्टिअरिंग पूर्ण फिरवून वळताना पुढून कटकट आली तर एवढी घाई नसते. तिथे ड्राईव्ह शाफ्टच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर गेलेलं आणि धूळ आत शिरलेली असते. बूट वेळेवर बदलला तर थोडक्यात भागतं, जॉइंट खाल्ला गेला तर नाही. स्पीडब्रेकरवर टक वाजलं तर बहुधा लिंक रॉड किंवा बुश. मात्र तोच टक बॉल जॉइंटचाही असू शकतो, आणि तो निसटला तर चाक आडवं पडतं. म्हणून गाडी जॅकवर घेऊन चाक हलवून पाहिल्याशिवाय मी ‘काही नाही’ असं म्हणत नाही.

आपल्या मातीचाही एक भाग आहे. पावसाळ्यात कपाशीच्या शेतातून आलेल्या गाडीच्या रिमला आतून काळी माती थापली जाते. वाळल्यावर तिच्या वजनानं हायवेवर स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी चाकं आतून धुवा. आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा बोनेटखालचा जुना रबरी पट्टा कडक होऊन तडकतो. एसी लावताच तो किंचाळतो. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि वॉटर पंप चालतात. तो तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ इंजिन तापतं.

दिवाळीला सुरतेहून आपली माणसं कोंडाईबारीचा घाट चढून-उतरून गावी येतात; सामान आणि माणसं मिळून गाडी काठोकाठ भरलेली असते. निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा काचा वर, गाणी बंद ठेवून गाडी चालवा. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि जमलं तर मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारा. सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच येणारा आवाज असेल, तर गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला लावा. घरून चालवत आणली की ती तापते, आवाज वाटेतच थांबतो आणि मला नुसत्या तुमच्या वर्णनावर काम करावं लागतं.