ताळेबंदाबाहेरचा वाडा

सातारा जिल्हा एकच. परंतु पाचगणीत १८६०च्या दशकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली वसाहत आकारास आली, तेथील बंगल्यांना मुसळधार पावसामुळे उतरती छपरे लाभली. आमच्या वडूजला पाऊस बेताचा; म्हणून आमचा वाडा सपाट माळवदाचा. तुळयांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर; भर वैशाखातही आत गारवा. पुढे पेढी, मागे चौक; व्यापार आणि संसार एकाच छपराखाली.

आता तो पाडून गाळे बांधण्याची बोलणी भावांत चालू आहेत. घसाऱ्याने जुन्या इमारतींची किंमत शून्याकडे जाताना मी बँकेत पुष्कळदा पाहिली. पण पूर्वजांचे हे शहाणपण कोणत्या खात्यात जमा धरावे? पाडण्यापूर्वी वाड्याची मोजमापे घेऊन नकाशा काढावा, एवढे तरी मी सर्वांकडून कबूल करून घेतले आहे.