गल्ल्यावरची वही

साताऱ्यातल्या एका पेढ्यांच्या दुकानाची वेबसाइट नव्यानं करायचं काम आलं, तेव्हा पहिल्या दिवशी मी शंभर पानी वही विकत घेतली. मालकांना वाटलं, सर जुन्या वळणाचे दिसतात, कागदावर आराखडा काढणार. मी वही गल्ल्याजवळच्या फोनपाशी ठेवली, पेनाला सुतळी बांधली आणि गल्ल्यावर बसणाऱ्या काकांना म्हटलं, "फोन आला की समोरच्यानं काय विचारलं तेवढंच लिहायचं. नाव नको, नंबर नको." काकांचं निम्मं आयुष्य त्या गल्ल्यावर गेलेलं. म्हणाले, "त्यात लिहायचं काय? रोज तेच तेच विचारतात."

मला ते 'तेच तेच'च हवं होतं.

मालकांना मात्र वेगळं हवं होतं. त्यांच्या साडूनं कोल्हापुरात दुकानाची नवी साइट करून घेतली होती. उघडली की मिठाईचं ताट गोल फिरत पुढं येतं. "आमची जुनी बघून बघून कंटाळा आला," ते म्हणाले. शेवटची कधी बघितली, असं विचारलं तर दिवाळीच्या आधी एवढं आठवलं. कुठल्या दिवाळीच्या ते सांगता येईना.

सतरा-अठरा वर्षं मी सांगलीत हा धंदा करतोय. 'साइट बदलून द्या' म्हणून येणाऱ्यांपैकी निम्म्यांना साडूनं पाठवलेलं असतं, नाहीतर पुण्यात आयटीत असलेल्या भाच्यानं. "काय मामा, किती जुनं दिसतंय हे!" एवढं एक वाक्य गणपतीत जेवताना बोलून भाचा निघून जातो आणि मामाला महिनाभर झोप लागत नाही. गिऱ्हाईक काय म्हणतं, हे मला क्वचितच कुणी सांगितलंय.

पेढेवाल्यांची जुनी साइट उघडली की आधी फेट्यातल्या आजोबांचा फोटो, मग 'आमचे ध्येय', मग 'आमची दूरदृष्टी', आणि तळाशी किती पाहुणे येऊन गेले त्याचा आकडा. ही साइट माझी नव्हती, पण हसायची सोय नव्हती. ध्येय आणि दूरदृष्टी ही पानं मीही पंचवीस-तीस दुकानांना शिवून दिली आहेत, कुणाचंही माप न घेता.

आठ दिवसांनी वही उघडली. काकांचं अक्षर टपोरं. 'रात्री कितीपर्यंत चालू?' ही ओळ इतक्या वेळा होती की नंतर त्यांनी नुसती खालीवर टिंबं मारली होती. 'पेढे किती दिवस टिकतील, मुंबईला न्यायचेत.' 'मुलगा अमेरिकेला नेतो म्हणतोय, चालतील का?' 'हायवेवरून आत यायला किती वेळ लागेल?' 'गाडी कुठं लावायची?' एकानं 'कंदी म्हणजे काय हो?' असंही विचारलं होतं. (या वादात साताऱ्यात शिरू नये. इंग्रजांच्या 'कँडी'वरून आलं असं छातीठोक सांगणारे भेटतात आणि ते ऐकून तितक्याच छातीठोकपणे हसणारेही.) यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर साइटवर नव्हतं. दूरदृष्टीबद्दल आठ दिवसांत एकाही फोनवाल्यानं चौकशी केली नव्हती.

ही वहीची युक्ती मला सुचलेली नाही, अंगावर आलेली आहे. त्यासाठी सांगलीच्या एका हळदीच्या पेढीचं मी केलेलं नुकसान सांगावं लागेल.

२००९ साली मी त्या पेढीची पहिली साइट केली. सुरुवातीला फ्लॅशमध्ये केलेली चित्रफीत होती: काळ्या पडद्यावर हळद भुरभुरत खाली यायची आणि तिचा ढीग होऊन पेढीचं नाव उमटायचं. त्याखाली हरिपूरच्या पेवाचा मोठा फोटो. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथल्या मातीत माणूस सहज बुडेल एवढे खोल खड्डे खणून त्यांत हळद भरायची आणि तोंड हवाबंद लिंपून टाकायचं. आत हवा नाही म्हणून किडा नाही, वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी. मालकांच्या घराण्याचा त्या पेवांवर भारी जीव. पण २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं होतं आणि मी साइट केली तेव्हा त्यांची हळद चार वर्षं गोदामात आणि शीतगृहात जात होती. मला ते ठाऊक होतं. फोटो सुंदर होता, म्हणून लावला. पुढं इंदूरचा एक व्यापारी सौद्याला आला आणि म्हणाला, चला, आधी पेव दाखवा. दिवाणजींनी त्याला हरिपूरला नेऊन एक बुजलेलं तोंड दाखवलं. तो काही बोलला नाही. सौदा करून गेला. दिवाणजी मला मात्र पुष्कळ बोलले.

खरं तर साइट त्याच दिवशी बदलायला हवी होती. तिच्यावर लिहिलेलं आता खरं राहिलेलं नाही, याहून मोठं कारण लागत नाही. आम्ही थांबलो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, मार्केट यार्डातल्या हमालांच्या खिशातही इंटरनेट आलं, आणि त्या फोनवर आमच्या भुरभुरणाऱ्या हळदीच्या जागी रिकामी चौकट दिसायला लागली. फोनवर फ्लॅश चालतच नव्हतं. २०२० अखेर तर ॲडोबीनं ते कायमचं बंद केलं. मालकांनी मला साइट बदलायला सांगितलं ते २०१८ मध्ये, आणि तेव्हा मी ती हौसेनं, मुळापासून, एका रात्रीत बदलली. नेमकी फेब्रुवारीत, राजापुरी हळदीची आवक सुरू असताना.

नवी साइट देखणी होती. पिवळ्या रंगाच्या सहा छटा होत्या. जुनीवर 'आजचा भाव' नावाचं एक ओबडधोबड पान होतं. दिवाणजी रोज सौदे आटोपले की त्यात चार आकडे भरायचे. मला ते डोळ्यांत खुपायचं, म्हणून काढून टाकलं. आठवड्यानं दिवाणजींचा फोन: "साहेब, भाव कुठं गेला?" निजामाबादचे, इरोडचे, वसमतचे व्यापारी ते एकच पान रोज उघडत होते. साइटवरचं बाकी काही त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

घाईनं पान परत बांधलं, तरी लोक येईनात. त्यांनी पानाचा जुना पत्ता साठवून ठेवला होता आणि मी सगळे पत्ते बदलले होते. पेढी जागा बदलते तेव्हा जुन्या दारावर 'आमची पेढी अमुक ठिकाणी हलवली आहे' अशी पाटी लावते. वेबसाइटलाही तशी सोय आहे, आमच्या धंद्यात तिला 'तीनशे एक' म्हणतात. जुन्या पत्त्यावर आलेल्याला ती गुपचूप नव्या पत्त्यावर पोचवते, गूगललाही सांगते. दोन तासांचं काम. मी ते केलं नव्हतं. त्या हंगामात पेढीचे बाहेरगावचे फोन कमी झाले आणि मालकांनी मला एका शब्दानंही बोलून दाखवलं नाही, हे जास्त लागलं.

दुसरा फटका ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली होती. देशभरचे व्यापारी एकच विचारत होते: माल भिजला का? भिजला नव्हता. 'माल सुरक्षित आहे' हे तीन शब्द साइटवर टाकायचे होते. जुन्या साइटवर दिवाणजींनी ते भावाच्या पानात स्वतःच टाकले असते. नव्या साइटवर ते फक्त मला टाकता येत होते आणि मी दुसऱ्या मजल्यावर, वीज नाही, फोन बंद, अशा अवस्थेत खालच्या पाण्याकडे बघत बसलो होतो. तेव्हापासून माझ्याकडून नवी साइट करून घेणाऱ्याला मी एक अट घालतो: दुकानातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तिच्यावर एक ओळ बदलता आली पाहिजे. नाही आली, तर माझं काम अपुरं.

एका रात्रीत न बदलता बदलायचं कसं, त्याचं उदाहरण साताऱ्याच्या वाटेवरच आहे. सांगलीहून रेल्वेनं निघालं की किर्लोस्करवाडी लागते. पूर्वी या स्टेशनाचं नाव कुंडल रोड. औंध संस्थानच्या या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलवला. लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, ही गोष्ट आमच्याकडं शाळेत असल्यापासून ऐकतो. मला त्याहून 'किर्लोस्कर खबर' जास्त जवळची वाटते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ती कारखान्याचं गृहपत्र म्हणून काढली. यंत्रांची माहिती, कारखान्याच्या बातम्या. आजच्या हिशोबानं कंपनीची वेबसाइटच. शंकरराव स्वतः चित्रकार, मनात आणलं असतं तर दर वर्षी नवा थाट उभा केला असता. झालं ते असं, की वाचकाला काय वाचायचंय ते बघत मजकूर वर्षावर्षानं सरकत गेला, 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' उरलं आणि कारखान्याच्या पत्राचं घराघरांतलं मासिक झालं. ते कुठल्या अंकात बदललं, असं बोट ठेवायला गेलं तर बोट ठेवता येत नाही. माझ्या एका रात्रीच्या पराक्रमापुढं हे उदाहरण मला नेहमी आठवतं.

म्हणून साताऱ्याच्या साइटला मी एकदम हात लावला नाही. आधी एक वेगळंच निस्तरावं लागलं. दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता मालकांच्या नावावर नव्हताच. साइट करून देणाऱ्या मुलानं तो स्वतःच्या नावावर घेतला होता आणि तो मुलगा नोकरीला परगावी. घर आपलं आणि सातबारा दुसऱ्याचा, असला प्रकार. तो सापडला, भला निघाला, पत्ता नावावर झाला. सगळ्यांचं नशीब असं नसतं, तुमचा आजच तपासून घ्या.

मग पहिल्या आठवड्यात फक्त वेळ आणि सुट्टी वर आणली. दुसऱ्यात पेढे टिकण्याचं. तो मजकूर भट्टीवरच्या माणसाला विचारून लिहिला, कारण मालक सांगत होते त्यापेक्षा तो दोन दिवस कमी सांगत होता. तिसऱ्यात नकाशा आणि गाडी लावायची जागा. मजकूर आधी चित्रात होता, तो साध्या अक्षरांत आणला, म्हणजे गूगलला वाचता येईल. दर वेळी सांगलीला परतताना एसटीत, पेठ नाका ते आष्टा या पट्ट्यात, शेजारच्या प्रवाशाला विनंती करून त्याच्या फोनवर साइट उघडायला सांगायचो. माझा फोन महागाचा आहे, त्याचं मत घेण्यात अर्थ नव्हता. एका आजींनी उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "अक्षर बारीक हाय." गेल्यावर मोठं केलं.

आजोबांचा फोटो ठेवला, फक्त वरून खाली गेला. ध्येय काढलं. फिरणारं ताट झालं नाही. मालक थोडे दिवस हिरमुसले होते, नंतर फोन कमी वाजतो म्हणून तक्रार करायला लागले. गिऱ्हाईक कमी झालंय का, असं विचारलं तर म्हणाले, "नाही, ते येतंय की. पण विचारत नाही काही."

वही अजून गल्ल्यावर आहे, सुतळीसकट. गेल्या महिन्यात बघितली तर एकच नवा प्रश्न चार वेळा आला होता: 'बिनसाखरेचे मिळतात का?' मिळत नाहीत. काकांनी स्वतःच साइटवर तशी ओळ घातली होती.