वीस अक्षरांची कविता

शहाद्याहून पुरुषोत्तमनगरास जातांना दोहों बाजूंस उंसाचे फड लागतात आणि उत्तरेस सातपुड्याची निळसर रेघ सोबत करते. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळें नांवारूपास आलेलें हें गांव. गेल्या पौषांत तेथें एका आप्तांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. त्यांचा कॉलेजांत शिकणारा मुलगा एक लहानशी चिनी कविता दाखवून म्हणाला, "काका, यांत काव्य तें कोठें आहे?"

कविता होती लि पो याची. कवीचा काळ इ. स. ७०१ ते ७६२. चार ओळी, प्रत्येकींत पांच अक्षरें. आणि तेथें बहुधा एक अक्षर म्हणजे एक शब्द. पहिल्या दोन ओळींत रात्रीचें चांदणें आणि तें गोठलेलें दंव असावें असा क्षणभर भ्रम. पुढच्या दोन एकमेकींच्या जोडीनें चालणाऱ्या : एकींत मान वर होते, दुसरींत खालीं, आणि शेवटच्या शब्दांत गांव आठवतें. 'मी' हा शब्द नाहीं. दुःखाचें तर नांवच नाहीं.

मीं त्यास म्हटलें, "आपल्याकडे यालाच ध्वनि म्हणतात. हालाच्या 'गाथासप्तशती'ची गाथाहि दोनच ओळींची. आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोकां'त महाराष्ट्री प्राकृतांतल्या अशा गाथा उदाहरणादाखल घेतल्या, त्या याच गुणासाठीं. सांगितलें थोडें, सुचविलें फार."

"समजलें," तो म्हणाला, "पण मनास भिडलें नाहीं."

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही फिरावयास निघालों. रस्त्याकडेला ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या. डोंगरांतून हंगामापुरतीं आलेलीं कुटुंबें त्यांत उतरलीं होतीं. वाळलेल्या पाचटावर चांदणें इतकें पांढरें पडलें होतें कीं, पाऊल ठेवतांना गार लागेल असें वाटावें. एक बाई चुलीपुढें भाकरी थापीत होती. तिचा हात मध्येंच थांबला. तिनें मान वर करून फडावर आलेल्या चंद्राकडे पाहिलें. मग मान खालीं घातली आणि पुन्हा भाकरी थापूं लागली.

तिच्या मनांत काय आलें, वाचकहो, तें आम्हांस कसें कळावें? कदाचित् उद्यांच्या मोळ्यांचाच हिशेब असेल. परंतु मुलगा जागींच उभा राहिला. परततांना तो एक शब्द बोलला नाहीं. घरीं येतांच त्यानें ती कविता पुन्हा काढली आणि दिव्याजवळ बसून वाचली. या खेपेस मात्र त्यानें मला कांहींच विचारलें नाहीं.