जन्माचे गाव

कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या अगदी उत्तरेस, हडसनच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, पुविर्निटुक नावाचे गाव आहे. या मुलखाला नुनाविक म्हणतात. इनुइट लोकांची चौदा गावे येथे विखुरलेली असून एका गावातून दुसऱ्या गावी नेणारी सडक कोठेही नाही. मॉन्ट्रियल शहर तेथून सुमारे १,६०० किलोमीटर दक्षिणेस. जायचे तर विमानाने, आणि तेही हवामानाच्या मर्जीने. आमची पुतणी मॉन्ट्रियलला परिचारिका आहे. तिच्या तोंडून या गावाचे नाव प्रथम ऐकले आणि मग, सरकारी नोकरीतील जुन्या खोडीप्रमाणे, मिळेल तो कागद वाचून काढला.

हकीकत बाळंतपणाची आहे. इनुइट स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच वस्तीत, हिवाळ्यात बर्फाच्या घरात आणि उन्हाळ्यात तंबूत, जाणत्या बायकांच्या हातून बाळंत होत. १९७० च्या दशकापर्यंत सरकारी आरोग्यव्यवस्थेने हे बंद करीत आणले. दिवस भरण्यापूर्वी काही आठवडे गरोदर स्त्रीस विमानात बसवून दक्षिणेकडील रुग्णालयात धाडावयाचे, असा शिरस्ता पडला. बरोबर नवरा नाही, आई नाही. धाकटी मुले मागे गावात. भाषा परकी, अन्न परके. आपल्याकडे पहिल्या खेपेस लेक माहेरी येते; तिच्या नेमके उलट, येथे पोरीला आपल्या माणसांतून उचलून अनोळखी मुलखात एकटी ठेवीत. हेतू वाईट नव्हता. माता आणि मूल वाचावे एवढाच होता.

त्या हेतूची थट्टा आम्ही करणार नाही. आमच्या थोरल्या आत्यांचे सासरे बडोदे संस्थानच्या अमरेली प्रांतात नोकरीस होते. आत्या पहिल्याच बाळंतपणात गेल्या. रक्तस्राव थांबेना, आणि खेड्यातून निघालेली बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नाही. आजीने पुढे कधी त्यांचे नाव घेतलेले आम्हास आठवत नाही. जुनी सुईण आणि जुने दिवस यांचे गोडवे गाणारे लेख वाचताना आम्हास त्या बैलगाडीची आठवण होते. जिल्हा पंचायतीत असताना २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, तेव्हा दर महिन्याच्या बैठकीत संस्थेतील प्रसूतींची टक्केवारी वाचून दाखविली जाई, आणि आकडा वाढला की आम्हास मनापासून बरे वाटे.

म्हणूनच पुविर्निटुकने जे केले त्याचे आम्हास विशेष वाटते. गावातील स्त्रियांनी आणि वडीलधाऱ्यांनी मागणी धरली, आणि १९८६ मध्ये तेथील आरोग्यकेंद्रात प्रसूतिगृह सुरू झाले. दक्षिणेतून शिकलेल्या सुईणी आल्या. त्यांनी गावातल्याच मुलींना हाताशी धरून गावातच शिकविले आणि म्हाताऱ्या बायकांकडून स्वतःही शिकल्या. गंमत अशी की सुईणीच्या व्यवसायास क्वेबेकमध्ये कायद्याची मान्यता मिळाली ती १९९९ साली. म्हणजे कायदा तेरा वर्षे मागून चालत आला. आमच्या कार्यालयात अशी फाईल कोणत्या टेबलावर अडकली असती, हे आम्ही डोळे मिटून सांगू शकतो. पुढे इनुकजुआक आणि सालुइट या गावांतही अशीच प्रसूतिगृहे निघाली.

आता धोक्याचे काय? शस्त्रक्रियेची सोय मॉन्ट्रियललाच. त्यासाठी गरोदरपणाच्या बत्तिसाव्या-चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक स्त्रीच्या प्रकृतीचा विचार सुईणी, डॉक्टर व परिचारिका एकत्र बसून करतात आणि जिला खरोखर धोका दिसतो तिलाच दक्षिणेस पाठवितात. आमच्या पुतणीस भेटतात त्या याच. २००० ते २००७ या काळातील नोंदी तपासून प्रसिद्ध झाल्या आहेत. चौदाशेच्या आसपास प्रसूतींपैकी सुमारे ८६ टक्के नुनाविकमध्येच झाल्या, आणि कमी धोक्याच्या स्त्रियांना गावातच बाळंत होणे सुरक्षित आहे, असे अभ्यासकांना आढळले. आमच्या आत्यांचा मृत्यू आणि त्या पोरींचे एकटेपण, ही दोन्ही टाळता येतात, हे त्या गावाने कागदावर दाखविले.

त्या म्हाताऱ्या बायका काय शिकवीत असतील, याचे आम्हास कुतूहल होते. गर्भवतीने पहाटे जाग येताच अंथरुणात लोळू नये, तडक उठून बाहेर जावे. दारात रेंगाळू नये, म्हणजे मूलही वाटेत रेंगाळत नाही. हे वाचले आणि 'उंबरठ्यावर बसू नकोस गं' हा आमच्या आजीचा आवाज कानी आला. त्यांच्यात मृत आप्ताचे नाव बाळाला देतात आणि नावाबरोबर नातेही देतात. आपल्या वडिलांचे नाव दिलेल्या मुलास आई 'बाबा' म्हणूनच हाक मारते. आपल्याकडे सासऱ्याचे नाव ठेवलेल्या मुलाला सून नावाने हाक मारीत नसे. 'आबा', 'बाबा' असेच काही म्हणे. नावांची ही रीत सरकारी वहीत बसेना, म्हणून कॅनडा सरकारने १९४० च्या दशकात या लोकांना क्रमांक कोरलेले बिल्ले दिले होते. कारकुनी सर्वत्र सारखीच.

पण सर्वांत मोलाचे वाटले ते सानाजिकचे नाते. बाळाची नाळ कापून त्याला पहिले कपडे घालणारी बाई ती सानाजिक. शब्दाचा अर्थ घडविणारी. हे नाते जन्मभराचे. मुलगा मोठा होऊन पहिली शिकार करतो तेव्हा ती आधी तिच्या दारी पोहोचते. प्रसूती दूर शहरात होऊ लागल्यावर नाळ कापणारा हात परका झाला, आणि शिकार घेऊन जावे असे दारच राहिले नाही. गावात प्रसूतिगृह निघाले, तेव्हा ते दार पुन्हा उघडले. औषधपाण्याच्या कोणत्याही यादीत ही गोष्ट सापडणार नाही, पण त्या लोकांच्या आरोग्यात ती मोडते, असे आमचे मत आहे.

आमचा जन्म बडोद्यास आजोळच्या वाड्यात, माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत झाला. शेगडी, धुरी, अळिवाची खीर, सारे यथासांग झाल्याचे मावशी सांगतात. सुईणीस लुगडे, खण आणि पायलीभर गहू दिल्याचेही त्यांना आठवते. तिचे नाव मात्र त्यांना आठवत नाही, आणि घरात दुसऱ्या कोणासही ठाऊक नाही. जन्माच्या सरकारी नोंदीत प्रसूती डॉक्टरने केली, परिचारिकेने केली, दाईने केली की नातेवाइकाने, एवढे लिहिण्याची सोय आहे. नावाला रकाना नाही.