ब्राउझरच्या पट्टीत मोल्सवर्थ

तळा गावात घरी बसून भाषांतर करायचे, तर हाती बहुतेक वेळा जमिनीचेच कागद येतात. मुंबईत दोन-तीन पिढ्या काढलेली इथली घरे पुष्कळ. त्यांच्या पेटीतून जुनी खरेदीखते, फेरफार, वाटणीपत्रे निघतात आणि वारसांना ती इंग्रजीत हवी असतात. कागदात ओळीओळीला वरकस, खार, खाजण, राब असे शेतीतले शब्द. मांदाडच्या खाडीकडच्या शेतकऱ्याला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. भाषांतर करणाऱ्याला मात्र प्रत्येक शब्दापाशी थांबावेच लागते, कारण त्या शब्दावर कुणाचा तरी हक्क अवलंबून असतो.

इथल्या एका भाषांतरकार बाईंच्या ब्राउझरमध्ये हे थांबणे फार थोडक्यात आटोपते. वरच्या ॲड्रेस बारमध्ये त्या ‘मो’ लिहितात, जागा सोडतात, शब्द लिहितात आणि एंटर दाबतात. मोल्सवर्थच्या कोशातली नोंद समोर येते. ‘दा’ लिहिले की दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, ‘व’ला वझ्यांचा कोश.

हे तिन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात कोणालाही विनामूल्य पाहता येतात. जेम्स थॉमस मोल्सवर्थने जॉर्ज आणि टॉमस या कँडी बंधूंच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. तीच आवृत्ती या संग्रहात आहे. श्री. ग. वझे यांचा शालेय कोश १९११चा, आटोपशीर. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे मुख्य खंड १९३२ ते १९३८ या काळातले. तो मराठी-मराठी असला तरी कोकणातल्या कागदांसाठी त्याच्याइतका आधार दुसरा नाही, कारण शब्द राजापूरकडचा की कुडाळकडचा, हेही तो कंसात नोंदवतो.

जोडणी कोणालाही जमेल अशी आहे. कोशाच्या पानावर एखादा शब्द शोधायचा आणि निकाल आला की वरचा पत्ता नीट वाचायचा. आपण शोधलेला शब्द त्या लांबलचक पत्त्यात कुठेतरी बसलेला असतो. तेवढा काढून तिथे टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान ‘एस’ लिहायचा. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या सर्च इंजिनांच्या यादीत हा पत्ता, एक नाव आणि एक लघुरूप भरले की काम झाले. फायरफॉक्समध्ये हाच पत्ता बुकमार्क म्हणून ठेवून त्याला कीवर्ड देता येतो. बाईंनी लघुरूपे देवनागरीत ठेवली, हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय. शोधायचा शब्द देवनागरीत असताना दोन अक्षरांसाठी कीबोर्डची भाषा बदलायची कशाला?

संकेतस्थळांनी शोधाची सोय ब्राउझरला आपणहून कळवावी, यासाठी ॲमेझॉनच्या ए-नाइन या कंपनीने २००५मध्ये ओपनसर्च ही पद्धत मांडली आणि २००६मध्ये फायरफॉक्स २ व इंटरनेट एक्सप्लोरर ७ यांनी ती घेतली. ही सोय न देणाऱ्या कोशांसाठी वरची हाताने जोडण्याची रीत आहे. देवनागरीची चिंता करायची नाही. ‘तळे’ पत्त्यात जाताना सत्तावीस चिन्हांचे होते, पण ते रूपांतर ब्राउझरच करतो.

खरी गाठ पडते ती जुन्या लेखनाशी. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. मोल्सवर्थ त्याच्या शंभर वर्षे आधीचा. त्याच्याकडे ‘तळें’, ‘भांडें’, ‘केळें’ आहे. ‘विनंती’ऐवजी ऱ्हस्व ‘विनंति’ आहे. नेमका तोच शब्द मागणारा शोध जोडला, तर आजच्या लेखनातला शब्द कोशात असूनही हाती लागणार नाही. म्हणून पत्ता जोडण्यापूर्वी शब्दाच्या आरंभापासून जुळणारा शोध निवडावा. अनुस्वार हे चिन्ह अक्षरानंतर साठवले जाते, त्यामुळे ‘तळे’ लिहिल्यावर ‘तळें’ही जुळते. ऱ्हस्व-दीर्घाचा संशय असेल तिथे शेवटची वेलांटी न लिहिता ‘विनंत’ एवढ्यावर थांबावे. ‘दऱ्या’मधला ऱ्य संगणकात दोन प्रकारे साठवला जातो, तसा शब्द सापडला नाही तर ‘दरी’ शोधावे.

एवढा खटाटोप कशाला, यंत्र आता सबंध परिच्छेदाचे भाषांतर देते, असे कोणी म्हणेल. यंत्र अनेक अर्थांतला एक उचलते आणि वाक्य गुळगुळीत करून देते. शंका कुठे होती, हेच मग दिसत नाही. कोश सगळे अर्थ ओळीने मांडतो, निवड माणसावर सोडतो. खरेदीखतात ती निवड माणसानेच करायला हवी. ती करण्यासाठी चार टॅब उघडावे लागले, तर संध्याकाळच्या दमलेल्या वेळी कोणीही अंदाजाने पुढे जाईल. पट्टीतल्या लघुरूपाने तो मोह कमी होतो. बाई आता ओळखीच्या शब्दांनाही तपासतात आणि त्यांच्या इंग्रजी मजकुरात तळटिपा वाढल्या आहेत. जिथे अर्थ दोन निघतात तिथे त्या दोन्ही लिहितात, मूळ शब्द रोमन लिपीत तसाच ठेवतात. वकिलांना हे सोयीचे पडते.

उलट दिशेसाठी, म्हणजे इंग्रजी नोटीस मराठीत आणताना, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश लागतात. संचालनालय १९६०चे, आणि कार्यालयात चालणारी संज्ञा तिथलीच धरतात. त्यांनाही बाईंनी ‘शा’ असे लघुरूप दिले आहे.

संकेतस्थळांचे पत्ते अधूनमधून बदलतात. तेव्हा लघुरूप अचानक रिकामे पान दाखवते आणि पुन्हा एकदा एक शब्द शोधून नवा पत्ता उचलावा लागतो. त्यासाठी चारही पत्ते एका साध्या फाइलीत लिहून ठेवलेले बरे. तीच फाइल बाई गावातल्या कॉलेजच्या मुलांना देतात, ‘व’पासून सुरुवात करा असे सांगून.