खालून येणारी थंडी

जमिनीवर झोपलं की माझी कंबर धरते. म्हणून मुलांबरोबर मुक्कामी जायचं मी नेहमी टाळायची. गेल्या डिसेंबरात मुलीने झाडाला टांगायचा झोळणा आणला नि मी भंडारदऱ्याला निघाले. सासूबाई म्हणाल्या, "या वयात झाडाला लटकणार?"

पहिली रात्र कुडकुडत काढली! अंगावर दोन पांघरुणं, पण थंडी येत होती ती खालून. अंगाखाली गोधडी दबली की तिच्यातली हवा जाते. मग ऊब कुठली? शिवाय बारीक दोरीने झाडाची साल सोलली, त्याची चुटपुट वेगळीच.

संक्रांतीला पुन्हा गेलो. या खेपेस गोधडी झोळण्याच्या बाहेरून, खालच्या अंगाला सैलसर बांधली. दोरीऐवजी रुंद, मजबूत पट्टे घेतले. झोळणा ताणून बांधू नये. पट्ट्याचा उतार साधारण 30 अंश असावा. आत तिरकं झोपावं, म्हणजे पाठ सपाट राहते. उंची खुर्चीएवढीच पुरे. आणि मैत्रिणींनो, वाळक्या फांदीखाली किंवा नारळाखाली मात्र कधीही बांधू नका!

सकाळी जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं. कंबर ठणकत नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच चहा ह्यांनी केला होता.